गाडीतल्या वासाची तपासणी

रविवारी सकाळी घरच्या सोफ्यांच्या कारखान्याच्या अंगणात वडिलांच्या वेळची जुनी गाडी चारही दारं सताड उघडी टाकून उभी होती आणि तात्या तिच्याभोवती घिरट्या घालत होते. मधूनच आत डोकं घालायचे, डोळे मिटून जोरात श्वास ओढायचे, आणि बाहेर येऊन धाकट्या भावाला विचारायचे, "येतोय का रे?"

हा धाकटा भाऊ कायम गळ्यात टेप अडकवून फिरायचा, म्हणून घरात लहानथोर सगळे त्याला टेपकाका म्हणत. त्यानं पुन्हा एकदा आत डोकं घातलं. "नाही. लिंबाचा येतोय."

"लिंबाचा आला तर चालेल."

"चालेल काय, पळेल! आक्काला लिंबू आवडतं."

"आक्काला काय आवडतं ते नको सांगूस मला. काय आवडत नाही ते बोल."

ते बोलायची गरजच नव्हती. आक्का म्हणजे या दोघांची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळात मेट्रन. तिच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा बूट पुसून शिरतात असं म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्यांत डॉक्टरच जास्त आहेत. आईच्या छातीनं त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा आक्कानं तिला स्वतःच्या घरी नेलं, ते तात्यांच्या तोंडावर सांगून. "तुझी सिगरेट आणि आईची छाती एका घरात नांदायच्या नाहीत. काय ठेवायचं ते तू ठरव." तात्यांनी काहीच ठरवलं नाही, नुसते रुसून बसले. आई आक्काकडे राहायला गेली. मग तिच्या रिकाम्या खोलीवरून जाताना तात्या मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले, आणि गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी उठले, पाकीट आणि लायटर कचऱ्याच्या पिंपात टाकलं आणि पुन्हा म्हणून सिगरेटला हात लावला नाही. घर धुऊन काढलं, पडदे बदलले, आक्काला बोलावून सगळं दाखवलं. आक्कानं कपाटामागेसुद्धा हुंगून पाहिलं आणि म्हणाली, "घर पास. गाडी?"

प्रश्न चुकीचा नव्हता. घरात बायको, कारखान्यात कापूस, मग माणसानं ओढायची तरी कुठं? तात्यांच्या जन्मातल्या बहुतेक सगळ्या सिगरेटी त्या गाडीत ओढून झाल्या होत्या. आणि आई परत आली की तिला छातीच्या व्यायामासाठी दर आठवड्याला न्यायचं ते याच गाडीतून. तेव्हा असं ठरलं की रविवारी आक्का आईला घेऊन कारखान्यात येईल आणि गाडीत बसून स्वतःच्या नाकानं तपासेल. वास नसला तर आई तिथूनच तात्यांबरोबर घरी. असला तर आली तशी परत, आणि मग तात्यांनी हा विषय पुन्हा काढायचा नाही.

हे शेवटचं कलम तात्यांच्या घशात अडकलं होतं.

गाडीत आता धुवायचं काही शिल्लक नव्हतं. सीट बाहेर काढून नवा फोम, नवी कव्हरं. खालचे गालिचे धुऊन उन्हात वाळवलेले. काचा आतून दोनदा पुसलेल्या, हवेच्या जाळ्या ब्रशनं घासलेल्या. सोफ्यांच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस, त्याला कापडातली घाण काय सांगायची! आणि तरीही हा चमत्कार होताच: सकाळी गाडीत लिंबू, आणि दुपारी कुणीतरी नुकतीच ओढून उतरल्यासारखा वास. तात्यांची मती गुंग झाली होती. म्हणून तर त्यांनी आक्काला सकाळी लवकर, गारव्यातच बोलावलं होतं.

घरच्या बाकीच्यांची मती मात्र मुळीच गुंग झाली नव्हती. त्यांना वाटत होतं की आपल्याला सगळं कळलंय.

"अहो, आधी तो शर्ट बदला," कारखान्याच्या दारातून वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे तात्यांची बायको. टेपकाका वहिनी म्हणतात म्हणून आता गिऱ्हाइकंही म्हणतात.

"का? शर्टाला काय धाड भरलीय?"

"काही नाही हो. आई येणार, जरा बरा घाला. आत खुंटीवर अडकवलाय."

तात्या कुरकुरत आत गेले. दार लागलं तशा वहिनी बाह्या वर सारून गाडीकडे निघाल्या.

शर्टाला काय झालंय ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? रोज संध्याकाळी तात्या गाडीतून घरी आले की शर्टाला तोच तो वास. सिगरेट सुटली त्या आठवड्यात वहिनींनी शेजारणीपाशी केवढा तोरा मिरवला होता! "आमच्या ह्यांनी एका झटक्यात टाकली बाई, निश्चयाचे पक्के." मग एक दिवस शर्ट धुवायला घेतला आणि तोरा उतरला. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता किंवा खोटं बोलला असता, आणि दोन्ही ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यापेक्षा शर्ट तडक भिजत टाकणं सोपं होतं. शिवाय ड्रायव्हरच्या सीटखाली त्या गुपचूप व्हिनेगरची वाटी ठेवत आल्या होत्या. तपासणीआधी ती वाटी काढायला हवी होती.

त्यांनी वाकून सीटखाली हात घातला, तर वाटीऐवजी दुसऱ्याच कुणाचा हात लागला.

"अगं बाई!"

पलीकडच्या दारातून सूनबाई कमरेपर्यंत आत शिरली होती. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करते. नवरा, म्हणजे तात्यांचा मुलगा, जहाजावर नोकरीला, त्यामुळे सासरची माणसं तिला त्याच्यापेक्षा जास्त पाठ झाली आहेत.

"तू काय शोधतेस गं?"

"मी? काही नाही. तुम्ही?"

"मीही काही नाही."

दोघी अजून तशाच ओणव्या होत्या. शेवटी सूनबाईला हसू आलं. तिनं सीटखालून एक लहानशी कापडी पिशवी ओढून काढली. "कोळसा आहे. वास धरून ठेवतो. मी अधूनमधून बदलते."

"आणि माझी वाटी?"

"वाटी तुमची होती होय! मला वाटलं, तात्यांनीच ठेवलीय. वास लपवायला."

"त्यांनी? त्यांना प्यायलेला कप उचलता येत नाही, ते वाटी ठेवणार!"

वाटी निघाली, पण पालथी. आणि तिच्याखालच्या मॅटवर पांढरा, वाळलेला फेसाचा थर. दोघी त्याकडे बघतायत तोवर मागून खाकरल्याचा आवाज आला.

"सोडा माझा आहे," टेपकाका म्हणाले. "रोज चिमूटभर टाकतो मॅटखाली. म्हणजे मूठभर."

सूनबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो काका, व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की दोन्ही वाया! फेस तेवढा उरतो. इतके दिवस तुम्ही दोघं एकमेकांचं औषध मारत होतात."

"एक ना धड भाराभर चिंध्या," वहिनी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे तुम्हालाही वाटतंच."

टेपकाका टेपेचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "दुपारी माल पोचवायला तो एकटाच जातो. परत येतो तेव्हा गाडीला वास. आता मी काय विचारणार, वहिनी? मोठा भाऊ आहे."

"मला वाटतं एखादीच ओढत असतील," सूनबाई म्हणाली. "दुकानात येतात ना माणसं सोडायच्या गोळ्या घ्यायला, सगळ्यांचं असंच असतं. पडतात, उठतात."

"आई एकदा घरी आल्या की आपोआप सुटेल," वहिनी म्हणाल्या. "आजचा दिवस तेवढा निभवायला हवा. कुणी एक शब्द बोलायचं नाही. शपथ?"

"शपथ," दोघं म्हणाले. तिघांनी मिळून फेस खरवडला. मॅट झटकली. टेपकाकांनी वाटी पाठीमागे धरली, आणि ती कुठं ठेवावी याचा विचार करतायत तेवढ्यात फाटकापाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला.

आता हॉर्न वाजला खरा, पण ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा. आईनं निघताना स्वतःची उशी हवी म्हणून हट्ट धरला होता, मग उशीला अभ्रा हवा, मग तो इस्त्रीचा हवा. तोवर ऊन कारखान्याच्या भिंतीवरून उतरून नेमकं गाडीच्या टपावर येऊन बसलं होतं. तात्या नवा शर्ट घालून बाहेर आले, त्यांनी आधी टपाकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"थांबा हं," आक्का टॅक्सीवाल्याला म्हणाली. "पिशवी राहू द्या आत. कदाचित परत जायचंय."

पिशवी घ्यायला पुढे झालेले तात्या तिथंच थांबले.

आई मात्र मजेत होती. लहानखुरी, हाडांची काडी झालेली बाई, पण डोळे टक्क उघडे. तिनं सुनेला जवळ घेतलं, नातसुनेच्या गालावरून हात फिरवला, धाकट्याला विचारलं, "पाठीमागे काय लपवतोयस?" आणि उत्तराची वाट न बघता अंगणातल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसली.

बसली म्हणजे टेकली. कारण ती खुर्ची या घराचा एक नमुनाच होती. दादांनी, म्हणजे आईच्या नवऱ्यानं, कारखाना काढला तेव्हा पहिली शिवलेली खुर्ची. दादा गेले आणि तात्यांनी नियम घातला की दादांचा टाका उसवायचा नाही. झालं! कापड विरलं की जुन्याच्या वरून नवं, ते विरलं की त्याच्यावर आणखी एक, मध्ये पुन्हा कापूस. खुर्ची वर्षानुवर्षं फुगत गेली. आता तिच्या दोन हातांमध्ये शाळकरी मूल जेमतेम मावलं असतं. आई काठावर बसून पाय हलवत म्हणाली, "ही आणखी जाडी झाली का रे?"

"आई, तू इथंच बस," आक्का म्हणाली. "मी सांगेपर्यंत गाडीजवळ यायचं नाही."

तिनं पर्समधून कापूस आणि स्पिरिटची बाटली काढली. ओल्या कापसाचा बोळा सीटच्या शिवणीवरून, पट्ट्यावरून, स्टिअरिंगवरून, हवेच्या जाळ्यांवरून फिरवला आणि प्रत्येक वेळी उजेडात धरून पाहिला. पांढरा. पुन्हा पांढरा. तात्या पलीकडे उभे राहून परीक्षेचा निकाल लागत असल्यासारखे बोळे मोजत होते.

आक्काचं मन मात्र कापसात नव्हतं. तिच्या घरात आईशिवाय दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी ड्यूटी संपवून दार उघडलं की आतून हाक यायची, "दमलीस का गं?" जन्मभर तिनं दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न, आणि तो तिला विचारणारं माणूस आजपासून इथं राहायला जाणार. म्हणून तिच्या नाकाला काहीतरी सापडावं असं तिला वाटत होतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटत होती. पण आक्का खोटा रिपोर्ट लिहिणारी बाई नव्हती. जे असेल ते असेल.

"काचा वर करा. दारं लावा," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली.

बाहेर वहिनींचे ओठ हलत होते. आत आक्कानं एकदा श्वास घेतला. लिंबू. पुन्हा घेतला. लिंबू आणि नवा फोम. छान काम केलंय गाढवानं, तिच्या मनात आलं, आणि तिला भावाचं खरंच कौतुक वाटलं. तिनं दाराच्या कडीला हात घातला. आणि तेव्हा आला. आधी पुसट, मग स्पष्ट, मग डोक्यावरून पांघरूण ओढावं तसा सगळीकडून.

ती बाहेर आली ती खोकतच.

"तात्या. कधी ओढलीस?"

"मी? नाही ओढली."

"खरं सांग. आज सकाळी? काल?"

"आक्का, उन्हाळ्यापासून एकही नाही! अर्धीसुद्धा नाही! विचार यांना हवं तर!"

आणि तात्या मोठ्या विश्वासानं आपल्या माणसांकडे वळले. वहिनी स्वतःच्या चपला बघत होत्या. सूनबाई भिंतीवर काहीतरी वाचत होती, आणि भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं. टेपकाकांच्या घामेजलेल्या हातातून वाटी सटकली आणि फरशीवर ठणठणत थेट तात्यांच्या पायाशी आली.

"हे काय आहे?"

"वाटी," टेपकाका म्हणाले.

"ते दिसतंय मला! कसली?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. व्हिनेगर, सोडा, कोळसा. तात्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले.

"म्हणजे तुम्ही तिघंही... तुम्हाला वाटत होतं मी चोरून ओढतोय?"

"अहो, शर्टाला रोज वास येतो हो," वहिनींचा आवाज रडवेला झाला.

"मग विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तरी माझा विश्वास बसला नसता. मग काय करायचं होतं मी? म्हटलं, निदान कुणाला कळू नये."

तात्यांना फार वाईट वाटलं. आयुष्यात त्यांनी एकच अवघड गोष्ट केली होती. पहिले काही आठवडे हात थरथरायचे, तेव्हा ते कारखान्यात मागच्या बाजूला जाऊन नुसते खिळे वेगळे करत बसायचे. चिडून कुणावर ओरडू नये म्हणून तोंडात बडीशेप भरून ठेवायचे. आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्यांतल्या एकाचाही विश्वास नव्हता. वर या मंडळींनी त्यांना पाठीशी घातलं होतं, म्हणजे रागवायचीही सोय नाही!

"या गाडीच्या तर मी..." असं म्हणून ते आत शिरले आणि काहीच सुचेना म्हणून त्यांनी वर छतावर जोरात बुक्की मारली.

फुस्स झालं. आतल्या दिव्याच्या कडेतून गरम हवेचा झोत त्यांच्या तोंडावर आला, आणि त्याला जुन्या, शिळ्या धुराचा वास होता. तात्या थबकले. त्यांनी पुन्हा बुक्की मारली. पुन्हा फुस्स.

"टेप्या! इकडे ये. नाक लाव इथं."

टेपकाकांनी नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. "अरे बाप रे! हा वरून येतोय!"

"वर कापूस आहे," तात्या हळू आवाजात म्हणाले. ते आता रागात नव्हते, कामात होते. "दादांनी गाडीच्या छताला गादीसारखा कापूस भरला होता. कुणी भरतं का गाडीला? पण दादांना पातळ काम खपायचं नाही. सगळ्या सिगरेटींचा धूर त्या कापसात. आणि मी सोडली तेव्हा सगळं बदललं, पण छत..."

"उसवलं नाहीस," आक्का म्हणाली.

"दादांचा टाका. वरून नवं कापड ताणलं."

"म्हणून ऊन चढलं की वास उतरतो," सूनबाई म्हणाली. "म्हणून दुपारी. म्हणून शर्टाला!"

"म्हणजे तुम्ही खरंच..." वहिनींनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अहो, मी किती वाईट बाई आहे!"

"ते नंतर ठरवू," तात्या म्हणाले, पण आवाजात धार उरली नव्हती. "आता करायचं काय?"

करायचं काय हे सगळ्यांना दिसत होतं. सूनबाईनं कात्री आणून दिली. तात्यांनी वरच्या नव्या कापडाची एक कड सोडवली, आतून दादांचं जुनं करडं अस्तर दिसलं, त्यावरची एकसारखी, बारीक, सरळ शिवण दिसली. गिऱ्हाइकांना हे छत दाखवायला दादा मुद्दाम गाडीचं दार उघडायचे. तात्यांनी कात्री टेकवली आणि उचलली. मग टेपकाकांना दिली. टेपकाकांनी ती आक्काकडे केली.

"मी नाही बाई," आक्का म्हणाली. "दादांचा हात आहे तो."

"कसला दादांचा हात?"

आई खुर्चीवरून उतरून कधी जवळ आली ते कुणालाच कळलं नव्हतं.

"आई, तू मागे हो आधी!"

"होते. पण दादांचा हात म्हणजे काय? तुझ्या दादांचा खांदा धरायचा. हात वर करून चार टाके घातले की विव्हळत खाली. हे छत मी शिवलंय. सीट आडवी पाडून, उताणी झोपून. तुम्ही पोरं शाळेत असायचात."

टेपकाकांचं तोंड उघडं ते उघडंच.

"पण दादा तर सगळ्यांना सांगायचे की मी..." तात्या म्हणाले.

"सांगेनात का! गिऱ्हाइकाला छत दाखवायचे आणि घरी येऊन माझी मान चोळून द्यायचे. माझं काय अडलं होतं?" आईला हसू फुटलं. "आणि ती खुर्चीसुद्धा उसवा रे बाबांनो. बसता येत नाही तिच्यावर धड. तुमच्या दादांनी स्वतः तीनदा उसवली होती, तुम्ही कसले नियम घेऊन बसलात!"

मग मात्र अंगणात जे सुरू झालं त्याला धुमाकूळ हाच शब्द. आक्कानं आईला फाटकाजवळ सावलीत, वारा जिकडून येत होता त्या बाजूला बसवलं, पर्समधून मास्क काढून स्वतः चढवला आणि बाह्या सारून गाडीत शिरली. आई लांबून हुकूम सोडत होती. "कोपऱ्यातून धर! तिथं गाठ आहे, दुहेरी! ओढू नकोस गं, काप!" वॉर्डभर हुकूम सोडणारी आक्का निमूट ऐकत होती. दोघे भाऊ अस्तर खाली खेचत होते. शेवटची शिवण सुटली आणि कापसाचा अख्खा थर टेपकाकांच्या डोक्यावर आला, चहाच्या रंगाचा, दमट, आणि असा घाणेरडा की तेवढा वास घेऊन माणसानं जन्मात सिगरेट बघू नये.

"शी! हे मी ओढत होतो?" तात्या म्हणाले.

"हे तुम्ही सोडलंत," वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी तो कापूस उचलून पिंपाकडे निघाल्या.

टॅक्सीवाला केव्हाचा घड्याळ बघत होता. त्याला जायचं होतं. सूनबाईनं कुणाला न विचारता आईची पिशवी आणि उशी उतरवून घेतली आणि त्याला वाटेला लावलं. आक्कानं ते पाहिलं आणि कामाला लागली.

छताचा उघडा पत्रा साबणानं धुऊन, पुसून, कोरडा होईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. ऊन अजून टपावर होतं. आक्का पुन्हा आत बसली, काचा लावून, या वेळी बराच वेळ. बाहेर आली तेव्हा तिचे केस घामानं चिकटले होते.

"काही नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण आजच्या आज कसं सांगू? पत्रा आणखी चार दिवस तापू दे. पुढच्या रविवारी मी पुन्हा बसून बघते. तोवर आई माझ्याकडे राहील."

तात्यांनी मान हलवली. भांडायचं त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं. "बरं," एवढंच म्हणाले.

"काय बरं?" आई म्हणाली. "मी आज जाणार."

"आई, वास पुन्हा आला तर?"

"अगं, मी वासावर कुठं ठरवलंय?" आईनं उशी काखेत मारली आणि गाडीकडे चालायला लागली. "हा मला रोज फोन करतो. पूर्वी 'आई' म्हणायला याला दोनदा थांबावं लागायचं, इतका खोकायचा. मला धाप लागायची ती माझ्या छातीपेक्षा याच्या खोकल्यानं. उन्हाळ्यात एक दिवस फोन आला, आणि हा सगळं बोलला, हवापाणी, भाज्यांचे भाव, टेप्याची तक्रार, आणि एकदाही खोकला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी तेव्हाच ओळखलं."

तात्या गाडीपाशीच थांबले. "मग बोलली का नाहीस?"

"तू मला विचारलंस कुठं? उठल्यासुटल्या आक्कालाच विचारत होतास, आईला नेऊ का म्हणून."

आक्कानं मास्क काढून हातात चुरगळला. तिचा चेहरा पडला होता. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचं मनगट धरलं.

"आणि तू गं? रोज संध्याकाळी घरी जाऊन त्या भिंतींशी बोलणार आहेस? ड्यूटीवरून आधी इकडे यायचं. जेवायचं, मग जायचं. मी विचारणार रोज, दमलीस का म्हणून. तपासणी हवी तर कर, पण रोज ये."

"येईन," आक्का म्हणाली, आणि इस्पितळात कुणी कधी पाहिली नव्हती अशी मेट्रन डोळे पुसत मागच्या सीटवर जाऊन बसली. वहिनी आणि सूनबाई तिच्या दोन बाजूंनी शिरल्या. टेपकाका कारखान्याला कुलूप लावायला मागे राहिले.

आई पुढे बसली, उघड्या पत्र्याखाली, आणि तिनं पट्टा लावला. तात्या शेजारी बसले. किल्ली हातात होती, पण समोरची काच त्यांना धूसर दिसत होती. त्यांनी नव्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि कुणीच त्यांना घाई केली नाही.